दुबळेपणाचा नेमका पत्ता

१९२९ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या ल्युबेक शहरात नवजात बाळांना क्षयावरची लस तोंडावाटे द्यायला सुरुवात झाली. लस बीसीजीचीच होती. मूळ जिवाणू पॅरिसहून आले होते आणि ते ल्युबेकमधल्याच प्रयोगशाळेत वाढवले जात होते. त्याच प्रयोगशाळेत माणसाला क्षय करणारा जहाल जिवाणूही सांभाळला जात होता, आणि तो लशीत मिसळला. एप्रिल १९३० संपेपर्यंत २५१ बाळांच्या पोटात ही भेसळ गेली. त्यातली ७२ क्षयाने दगावली. पुढे खटला चालला, डॉक्टरांना तुरुंगवास झाला. या प्रकरणाची ही बाजू वैद्यकीय नीतिमत्तेच्या पुस्तकांतून वाचायला मिळते. मला मात्र त्यातला दुसरा आकडा अस्वस्थ करतो. १७९ बाळे वाचली.

गाव एक, ऋतू एक, वय तेच, जिवाणू तोच. क्षयावर औषध नावाची चीज तेव्हा नव्हती, त्यामुळे काहींना उपचार मिळाले आणि काहींना नाही, असेही म्हणता येत नाही. तरी काही बाळे गेली, बरीच आजारी पडून सावरली आणि काहींच्या अंगावर रोगाचे चिन्हही उमटले नाही. लशीचे सगळे घाणे सारखे दूषित नव्हते हे खरे. काही बाळांना जास्त जिवाणू मिळाले, काहींना कमी. २०१६ साली संशोधकांनी ते जुने कागद पुन्हा तपासले तेव्हा मात्रेचा परिणाम स्पष्ट दिसला. पण मात्रा सारखी धरली तरी बाळाबाळांत फरक उरलाच. तो कुठून आला?

उत्तराची एक दिशा १९८८ साली डेन्मार्कमधून मिळाली. तिथे लहानपणी दत्तक गेलेल्या माणसांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जन्मदात्यांपैकी कुणी पन्नाशीच्या आत एखाद्या संसर्गाने गेले असेल, तर दत्तक गेलेल्या अपत्याचाही संसर्गाने अकाली मृत्यू होण्याची शक्यता जवळपास सहापट निघाली. ज्यांच्या घरात ते मूल वाढले, त्यांच्या संसर्गजन्य मृत्यूचा असा ठसा दिसला नाही. हे निष्कर्ष मोठ्या माणसांचे आहेत, बाळांचे नव्हेत. तरी जंतूंपुढे टिकण्या-न टिकण्यातला काही भाग रक्तातून येतो, हे झटकून टाकता येत नाही.

आपल्याकडे याचे उत्तर केव्हाचेच तयार असते. ज्यांची प्रतिकारशक्ती चांगली ती बाळे वाचली. प्रतिकारशक्ती चांगली होती हे कशावरून? तर ती वाचली यावरून. हे उत्तर स्वतःभोवतीच फिरते, पण कोविडनंतर त्याला बाजारात भलताच भाव आला. काढे, सिरप, गोळ्या, बाळांसाठीच्या पावडरी, सगळ्यांवर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे छापलेले. या साऱ्यामागे एक गृहीत असते: प्रतिकारशक्ती म्हणजे बँकेतली शिल्लक, कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी, आणि भर घातली की वाढणारी. लहान मुलांच्या जन्मजात दोषांचा गेल्या सत्तर वर्षांचा अभ्यास या गृहीताच्या मुळावरच येतो. वारशाने आलेला दुबळेपणा सहसा सरसकट नसतो. तो एखाद्या जिवाणूपुरता, एखाद्या वयापुरता, कधी तर एखाद्या प्रदेशापुरता असतो. त्याला नेमका पत्ता असतो, आणि तो पत्ता कळला की बरेच काही करता येते, असे माझे म्हणणे आहे.

ल्युबेकमधल्या जिवाणूच्या कुळापासूनच सुरुवात करू. १९९६ साली एकाच नियतकालिकात दोन शोधनिबंध आले. एकात माल्टा बेटावरची, एकमेकांच्या नात्यातली काही मुले होती. माती-पाण्यात सगळीकडे आढळणारे, एरवी कुणाच्या वाटेला न जाणारे, क्षयजंतूंचे दूरचे भाऊबंद त्यांच्या जिवावर उठले होते. दुसऱ्यात ट्युनिशियातले एक बाळ होते. बीसीजी लशीतला सौम्य केलेला जिवाणूच त्याच्या अंगभर पसरला आणि बाळ दगावले. दोन्हीकडे दोष एकाच जनुकात सापडला. इंटरफेरॉन-गॅमा हा एका पेशीने दुसरीला धाडलेला निरोप. तो मिळाला की भक्षक पेशी आपल्या पोटातल्या जिवाणूला मारायला सज्ज होते. या मुलांत निरोप निघत होता, पण तो झेलणारा ग्राहकच सदोष होता. खरे आश्चर्य पुढे आहे. याच मुलांना इतर बहुतेक जिवाणूंनी फारसा त्रास दिला नाही. क्षयकुळातले जंतू आणि साल्मोनेला वगळले तर त्यांचे शरीर बरेचसे इतरांसारखेच लढत होते.

पन्नासच्या दशकात अमेरिकेत वर्णन झालेल्या आणखी एका आजारात असेच दिसते. या मुलांच्या पांढऱ्या पेशी जिवाणूला गिळतात, पण गिळल्यावर त्याच्यावर सोडायचे प्राणवायूचे जहाल रेणू त्यांना बनवता येत नाहीत. स्टॅफिलोकॉकस, काही मातीतले जिवाणू आणि अॅस्परजिलससारख्या बुरशा यांच्यापुढे ती हतबल असतात. लसिकाग्रंथींत, यकृतात, फुप्फुसात गळवे होत राहतात. आणि न्यूमोनियाचा सर्वांत कुप्रसिद्ध जिवाणू न्यूमोकोकस? तो यांना सहसा काही करत नाही.

याच्या अगदी उलट चित्र २००३ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयातल्या जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटाने मांडले. आयरॅक-४ नावाचे प्रथिन नसलेली ही मुले. पेशीच्या पृष्ठभागावरचे टोल ग्राहक जिवाणूची चाहूल घेतात आणि आत वर्दी देतात. त्या वर्दीच्या साखळीतली ही एक कडी. पाच वर्षांनी त्याच साखळीतल्या माय-डी-८८ या दुसऱ्या कडीचा दोषही सापडला. टोल ग्राहकांचे महत्त्व इतके वाखाणले गेले होते (२०११ च्या वैद्यकाच्या नोबेलचा एक वाटा त्या शोधासाठीच होता) की ही साखळी तुटलेले मूल प्रत्येक जंतूला बळी पडेल, अशीच अपेक्षा होती. घडले भलतेच. विषाणू, बुरशी, परजीवी यांच्याशी ही मुले नेहमीसारखी लढतात. त्यांचा घात होतो तो मुख्यतः न्यूमोकोकस, स्टॅफिलोकॉकस आणि स्यूडोमोनास या तिघांकडून. ‘या बाळात प्रतिकारशक्तीच नाही,’ असे त्यांच्याबद्दल कुणी म्हणाले तर ते साफ चूक ठरेल. त्याच्यात तीन दारांना कडी नाही, बाकी घर शाबूत आहे.

आता वयाकडे येतो, कारण बाळांच्या बाबतीत जनुकाइतकेच तेही निर्णायक आहे. आयरॅक-४ आणि माय-डी-८८ चा दोष असलेल्या साठ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातली जवळपास ४० टक्के मुले दगावली होती, आणि सगळीच्या सगळी वयाच्या आठ वर्षांच्या आत. चौदाव्या वर्षानंतर कुणालाही रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात पसरणारा जीवघेणा संसर्ग झाल्याची नोंद नाही. जनुक जन्मभर तसेच सदोष राहते, रोग मात्र मागे पडतो. कारण माणसाच्या संरक्षणाच्या दोन फळ्या आहेत. एक जन्मजात, कुठल्याही परक्याला तत्काळ ओळखणारी. दुसरी अनुभवातून शिकणारी, एकेका जंतूची आठवण ठेवणारी. बाळाची दुसरी फळी अजून कोरी असते, त्यामुळे सगळा भार पहिलीवर पडतो. पहिलीत भगदाड असेल तर ते पहिल्या दोन-चार वर्षांत जीव घेते. तेवढा काळ निभावला तर दुसरी फळी इतकी तयार होते की भगदाड असून नसल्यासारखे.

यातून निघणारी उपचाराची दिशा किती साधी आहे पाहा. जनुक दुरुस्त करायची गरज नाही. रोजचे प्रतिजैविक, न्यूमोकोकसची लस आणि गरज पडल्यास इम्युनोग्लोब्युलिन यांच्या जोरावर ही काही वर्षे पार करून द्यायची. एक पेच तेवढा आहे. टोलची वर्दी आत पोचत नसल्यामुळे या मुलांना ताप उशिरा येतो, रक्तातले सीआरपी उशिरा चढते. ज्या खुणांवर आई आणि डॉक्टर दोघेही विसंबतात, त्याच इथे दगा देतात. ‘ताप नाही ना, मग बघू उद्या’ हे वाक्य आपल्या दवाखान्यांतून रोज ऐकू येते, आणि अशा एखाद्या बाळासाठी तो उद्या उगवत नाही.

वयाचे घड्याळ उलटेही चालते. १९५२ साली अमेरिकी लष्करातले डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली. न्यूमोकोकसने त्याचे रक्त पुन्हापुन्हा दूषित होत होते. रक्तातली प्रथिने वेगळी करून पाहिली तर गॅमा ग्लोब्युलिनचा पट्टाच गायब. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी त्याच्यात तयारच होत नव्हत्या. त्यामागचे बीटीके हे जनुक १९९३ साली हाती लागले. हा दोष घेऊन जन्मलेला मुलगा पहिले काही महिने सहसा ठणठणीत असतो, कारण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडे वारेतून त्याच्या रक्तात उतरलेली असतात. ती सहा महिन्यांच्या सुमारास ओसरतात, आणि मग दुखणी सुरू होतात. नेमके तेव्हाच वरचे अन्न सुरू झालेले असते, दात येत असतात. घरातले सगळे खापर दातांवर किंवा भाताच्या पेजेवर फोडतात.

इथपर्यंतचे दोष दुर्मीळ. मग जे दोष दुर्मीळ नाहीत, हजारो माणसांच्या अंगात निमूट असतात, त्यांचे काय? याचे उत्तम उदाहरण मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन, एमबीएल. हे रक्तातले प्रथिन जिवाणूच्या कवचावरच्या शर्करेला चिकटते आणि त्याच्यावर खूण करते. याचे जनुक दोन्ही बाजूंनी सदोष असलेली माणसे डेन्मार्कमध्ये विसात एक तरी सापडतात. ऐंशीच्या दशकात वारंवार आजारी पडणाऱ्या मुलांत हा दोष दिसला आणि ‘संसर्गाचे जनुक’ सापडले असा गाजावाजा झाला. २००१ साली ग्रीनलंडमधल्या सिसिमियुट गावातल्या दोन वर्षांखालच्या २५२ मुलांचा अभ्यास आला. एमबीएल कमी असलेल्यांना श्वसनाचे संसर्ग दुपटीने होत होते, आणि ६ ते १७ महिन्यांच्या मुलांत तर जवळपास तिप्पट. बाकी वयात फारसा फरक नाही. आईची प्रतिपिंडे संपली आणि स्वतःची अजून जमली नाहीत, नेमकी तीच फट. मग २००४ साली कोपनहेगनमधल्या नऊ हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास झाला, आणि एमबीएल नसल्याने त्यांचे काहीच बिघडलेले दिसले नाही. दोन्ही अभ्यास एकमेकांना खोटे पाडत नाहीत. दोन वेगळ्या वयांना त्याच जनुकाबद्दल विचारले की उत्तरे वेगळी येतात, इतकेच. पण ‘तुमच्या बाळाची रोगप्रतिकार-जनुके तपासून घ्या’ म्हणणाऱ्या खासगी चाचण्यांच्या जाहिरातींत हा वयाचा मुद्दा कधी येत नाही. अशा सर्वसामान्य फरकांवरून एका बाळाचे भविष्य सांगणे म्हणजे विज्ञानाच्या नावावर कुंडली मांडणे आहे, आणि त्याची फी कुंडलीपेक्षा बरीच जास्त असते.

तिसरा मुद्दा जागेचा. यासाठी जे उदाहरण घेतो आहे, ते काटेकोर अर्थाने रोगप्रतिकाराचे जनुक नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनचे आहे. पण जनुक आणि परिसर यांचे नाते याहून लख्ख कुठे दिसलेले मला ठाऊक नाही. केनियाच्या किनाऱ्यावर किलिफी नावाचा जिल्हा आहे. सिकलसेलचे एकच जनुक असलेली, म्हणजे वाहक, मुले मलेरियापासून बरीच सुरक्षित असतात हे १९५४ पासून माहीत होते. किलिफीत असे दिसले की ही मुले जिवाणूंनी रक्त दूषित होण्यापासूनही सुरक्षित आहेत. वाटले, सिकलचे हे जनुक जिवाणूंशीही लढते की काय. पण १९९९ ते २००७ या काळात तिथला मलेरिया झपाट्याने ओसरला, त्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे एक अष्टमांशावर आले, आणि त्याबरोबर सिकल वाहकांचे जिवाणूंविरुद्धचे संरक्षणही विरून गेले. जिवाणूंना वाट करून देत होता मलेरिया, आणि जनुक फक्त त्या मलेरियाला अडवत होते. मलेरिया ओसरला तशी जनुकाची ‘ताकद’ही गेली. मुलांच्या पेशींत कुणीही काहीही बदललेले नव्हते.

तेच जनुक आई-बाप दोघांकडून आले तर मात्र चित्र फिरते. सिकलसेल आजारात प्लीहा पहिल्या काही वर्षांतच निकामी होत जाते. रक्तातून न्यूमोकोकस गाळून काढण्याचे मोठे काम प्लीहेचे असते. ती गेली की दोन-तीन वर्षांचे मूल सकाळी खेळते आणि रात्री जाते. १९८६ साली अमेरिकेत २१५ बालकांवर झालेल्या चाचणीत दिवसातून दोनदा दिलेल्या साध्या पेनिसिलिनने हे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले, इतके की चाचणी ठरल्या मुदतीआधी थांबवावी लागली. हा विषय आपल्या घरचा आहे. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर जिल्ह्यांत, आदिवासी आणि काही दलित समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, आणि त्यात वाहकांची कार्डे वाटण्याचा उत्साह भरपूर दिसतो. विवाह जुळवताना कार्डे जुळवा, असा प्रचार होतो. माझ्या मते प्राधान्य उलटे हवे. जन्मतः तपासणी, दोन महिन्यांपासून पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस (ती २०२१ पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात आहेच) हे आधी, लग्नाची कार्डे मागाहून. जन्माला आलेल्या बाळाचा हक्क भावी पिढीच्या शुद्धीपेक्षा मोठा आहे.

गडचिरोलीचे नाव निघाले की या लेखावरचा सर्वांत भक्कम आक्षेपही समोर येतो. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तिथल्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केले. बाळ उबदार ठेवणे, स्तनपान, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर घरातच जेंटामायसिनचे इंजेक्शन. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर. एकाही बाळाचे जनुक तपासले नव्हते. मग जनुकांची ही उठाठेव हवी कशाला?

आक्षेप अर्धा बरोबर आहे, आणि त्या अर्ध्याला मी पूर्ण मान देतो. जिथे बाळे कमी वजनाची जन्मतात, प्रसूतीच्या खोलीत स्वच्छ पाणी नसते, अतिदक्षता विभागात एका वॉर्मरवर दोन-दोन बाळे असतात आणि क्लेबसिएला-असिनेटोबॅक्टरसारखे औषधांना न जुमानणारे जिवाणू वावरतात, तिथे बाळाच्या मृत्यूचे कारण त्याच्या जनुकांत शोधणे हा व्यवस्थेला मोकळे सोडण्याचा सोपा मार्ग ठरू शकतो. रुग्णालयातली अस्वच्छता ‘बाळातच दम नव्हता’ या वाक्याआड लपवता येते. ही भीती खरी आहे. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा टिकत नाही. सर्वसाधारण कारणे हटवत गेलो की उरलेल्या मृत्यूंत वारशाचा वाटा वाढत जातो. हे साधे अंकगणित आहे, त्यासाठी एकही जनुक बदलावे लागत नाही. मुंबई-पुण्याच्या चांगल्या नवजात विभागात, पूर्ण दिवसांचे, सव्वातीन किलोचे, आईचे दूध पिणारे बाळ न्यूमोकोकसने गेले, तर तिथे ‘स्वच्छता पाळा’ हे उत्तर होऊ शकत नाही. आणि गडचिरोलीतही १६.६ चे २.८ झाले, शून्य झाले नाही. त्या उरलेल्यांतले एखादे बाळ असेच असणार नाही, असे कोण म्हणेल? गरिबाच्या बाळाला जनुकीय आजार होत नाही असा कुठे नियम नाही. निदान तेवढे त्याच्या वाट्याला येत नाही.

आता नशिबाविषयी. पाचवीच्या, सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते, आणि तो ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही, अशी आपली श्रद्धा. या विधीचे वेळापत्रक बघितले की थबकायला होते. नवजात बाळ जाण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो याच पहिल्या आठवड्यात. आमच्या आज्यांनी त्या भीतीला देवी केले. जनुकशास्त्र आले तेव्हा अनेक शिकलेल्या माणसांनी सटवाईच्या जागी फक्त डीएनए बसवला, लेख तसाच अटळ ठेवला. आयरॅक-४ च्या मुलांनी, सिसिमियुटच्या बाळांनी, किलिफीच्या मुलांनी हा अटळपणा खोटा पाडला आहे. स्किड या सर्वांत भयानक दोषातही, जिथे दुसरी फळी जवळपास नसतेच, तिथेही. २०१४ साली उत्तर अमेरिकेतला एक मोठा अहवाल आला. साडेतीन महिन्यांच्या आत अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झालेली ९४ टक्के बाळे पाच वर्षांनी जिवंत होती. त्याहून मोठी होऊन, अंगात संसर्ग चालू असताना प्रत्यारोपण झालेल्यांपैकी जेमतेम निम्मी. दोष त्याच जातीचा, जंतू आधी पोचला की डॉक्टर, एवढाच फरक.

नशिबाबरोबर दोषही येतो, आणि तो बाईच्या पदरात पडतो. एका घरात दोन मुलगे पाठोपाठ गेले, मुली मात्र जगल्या, की सुनेला पांढऱ्या पायाची ठरवायला वेळ लागत नाही. इथे विज्ञानाची पंचाईत आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ब्रुटनच्या आजारासारखे दोष एक्स गुणसूत्रावर बसतात, आई वाहक असते आणि मुलग्यांत तो उतरतो. म्हणजे सासू जे म्हणते त्याला वरवर पाहता जनुकशास्त्र दुजोराच देते! पण जे. बी. एस. हॉल्डेन यांनी (हे पुढे भारतात आले, नागरिकत्व घेतले आणि भुवनेश्वरला वारले) १९३५ सालीच दाखवले होते की अशा जीवघेण्या एक्स-दोषांतली साधारण एक तृतीयांश प्रकरणे अगदी नव्याने झालेल्या बदलाची असतात. तिथे आई वाहकसुद्धा नसते. आणि वाहक असली तरी तिने काय केले? तिलाही ते कुठून तरी आलेच, कदाचित तिच्या बापाच्या वा आज्याच्या बीजातल्या एका चुकीतून. समुपदेशन करणाऱ्याने हे वाक्य सासूच्या उपस्थितीत, मराठीत, घाई न करता सांगायला हवे. अहवालातली इंग्रजी ओळ ते काम करत नाही.

दुसऱ्या प्रकारचे दोष आई आणि बाप दोघांकडून एकेक प्रत आल्याशिवाय उमटत नाहीत. त्यासाठी रक्ताच्या नात्यातली लग्ने वाट सोपी करतात. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की महाराष्ट्र हा उत्तरेची बंदी आणि दक्षिणेची पसंती यांच्या मधला प्रदेश आहे. इथल्या अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल होती आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे. त्यावर शहरी सुशिक्षितांनी नाक मुरडण्याचे कारण नाही, नात्यातल्या बहुतेक जोडप्यांची मुले निरोगीच असतात. पण नात्यातले लग्न आणि आधी गेलेले एखादे तान्हे बाळ या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर डॉक्टरच्या डोक्यात घंटा वाजलीच पाहिजे.

ती वाजावी यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटता येत नाही असा एक दोष आहे. त्यात पेशी जखमेपर्यंत पोचतच नाहीत. बाळाची नाळ आठ-दहा दिवसांत पडते, याची ती तीन-चार आठवडे तशीच लोंबत राहते. बेंबी लाल होते पण पू धरत नाही, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र भरमसाट वाढलेल्या. नाळ कधी पडली हे प्रत्येक आजीला, प्रत्येक सुईणीला तोंडपाठ असते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या पेशींवरचे सीडी-१८ हे प्रथिन तपासते. जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानाचे देशातले ते एक प्रमुख केंद्र आहे. आजीचे ज्ञान आणि परळची ती प्रयोगशाळा यांच्यामध्ये नाळेची तारीख विचारणारा एक डॉक्टर लागतो. बहुतेकदा तोच नसतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ च्या सुरुवातीला प्रत्येक बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून स्किडची तपासणी सुरू केली, दहा वर्षांत ती सगळ्या राज्यांत पोचली. आपणही उद्या तेच करावे, असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत. मला ते घाईचे वाटते. ती तपासणी आयरॅक-४ पकडत नाही, प्लीहेचा दोष पकडत नाही, न चिकटणाऱ्या पेशी पकडत नाही. आणि पकडलेल्या बाळाला साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण देण्याची सोय किती जिल्ह्यांतल्या बाळांच्या आवाक्यात आहे, हा प्रश्न त्याहून आधीचा.

बीसीजीचा प्रश्न मात्र आजचा आहे. आपल्याकडे ही लस जन्मल्याबरोबर, दवाखान्यातून घरी जायच्या आत देतात, आणि कोट्यवधी बाळांसाठी ते योग्यच आहे. क्षयाने मेंदूला सूज येऊन मुले जाण्याचे संकट या लशीने खूप कमी केले. पण स्किड, इंटरफेरॉन-गॅमाचा दोष, गळवांचा तो जुना आजार, यातले एखादे घेऊन जन्मलेल्या बाळाला आपण त्याच्या पहिल्याच दिवशी, नेमका त्याला न पेलणारा जिवंत जिवाणू टोचतो. अशा बाळांना लशीपासून वाचवण्याचा मार्ग एकच प्रश्न आहे: ‘याच्या आधीचे, किंवा आईच्या भावंडांतले, कुणी तान्हे बाळ दगावले होते का?’ उत्तर हो आले, तर बीसीजी काही आठवडे थांबवून रक्त तपासायचे. माता-बाल संरक्षण कार्डावर वजन, उंची, लोहाच्या गोळ्या, सगळ्यांसाठी रकाने आहेत. आधीच्या प्रसूतींची नोंदही होते. तो प्रश्न आणि ही लस यांची गाठ मात्र घालून दिलेली नाही. लस टोचणाऱ्या नर्सने सुई उचलण्याआधी तेवढी एक ओळ वाचावी, अशी सूचना काढायला आरोग्य खात्याला नवे यंत्र लागत नाही, तरतूदही लागत नाही.